खसखशीएवढे ठिपके

दसरा होऊन चार दिवस झाले होते. बोरमाळच्या पारासमोर त्या रविवारी जेवढी माणसं होती तेवढी मतदानाच्या दिवशीही नव्हती. बाया पाराला खेटून बसलेल्या, पुरुष ट्रॉल्यांवर चढलेले, पोरं लिंबाच्या फांद्यांवर. उसतोडीच्या टोळ्या निघायला तीन आठवडे उरले होते. कोयत्यांना धार लावून झाली होती, बाजरी उतरंडीत गेली होती, आणि कोरडवाहू गावात माणसाच्या हाताला काम नसतं तेव्हा त्याचा जो वेळ जाता जात नाही, तो घालवायला रविकिरण महाराज जीपमधून आले होते.

रविकिरण महाराज हे नाव ऐकलं की राजेश्वरीला एखाद्या छापखान्याची पाटी आठवायची. महाराजांच्या अंगावर पिवळं रेशमी सोवळं, गळ्यात तांब्याचा सूर्य आणि डोळ्यांवर काळा गॉगल. सूर्याच्या भक्ताला सूर्यासमोर गॉगल कशाला, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. पण भोवतालच्या बाया हात जोडून होत्या, म्हणून तिनं तो गिळला.

"कोड म्हणजे काय?" महाराज माइकमध्ये गरजले. "कोड म्हणजे देहाला लागलेलं ग्रहण! मागच्या जन्मी ज्यानं उगवत्या सूर्याकडं पाठ केली, त्याच्या कातडीवरून सूर्य उठून जातो. डॉक्टर काय करतात? बल्ब लावतात! अरे, बल्ब महावितरणचा, सूर्य भगवंताचा! परदेशात याला फोटोथेरपी म्हणतात. फोटो म्हणजे काय? फोटो देवाचाच असतो!"

टाळ्या पडल्या. तीन-चार जणांनी मोबाईल वर धरले.

"औषध बंद. मलम बंद. दवाखान्याचा उजेड बंद. एकवीस दिवस मीठ बंद! आणि ज्याला लाभ हवा त्यानं सूर्याला चांदी वाहायची. पैसा नको. पैसा पाप आहे."

पाप नसलेल्या चांदीचा ढीग परातीत चमकत होता. तोरड्या, करंडे, आणि सगळ्यांत जास्त जोडवी. उसाला जाणाऱ्या बाईकडं दुसरी चांदी असते कुठं?

राजेश्वरीच्या डोळ्यांदेखत तिच्या भावजयीनं, कडूबाईनं, पायातली जोडवी उपसली. बोटांवर पांढरे वळ राहिले. मग तिनं आपल्या लेकीला, आरतीला, पुढं ढकललं.

आरती एकोणीस वर्षांची. चार वर्षांपूर्वी डाव्या गालावर चवलीएवढा डाग आला, आता तो कानापासून हनुवटीपर्यंत पसरला होता. उजव्या मनगटावर दुसरा होता. आई-बाप सहा महिने उसाच्या फडावर असायचे, म्हणून ती आत्याजवळ राहून शिकली. राजेश्वरी गावच्या माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा परिचर होती. म्हणजे परीक्षानळ्या धुणं, बाटल्या पुसणं आणि सरांनी "बाई, ते आणा" म्हटलं की ते आणणं. बावीस वर्षं नळ्या धुताना मागं चाललेलं शिकवणं कानावर पडत राहिलं. दहावीची पुस्तकं तिनं इतक्या वेळा वाचली होती की सर रजेवर असले की पोरं तिलाच विचारायची.

महाराजांनी काळ्या कापडात गुंडाळलेली बाटली काढली. बाटलीला उजेड लागू नये म्हणून तिच्यावर छत्री धरायला एक पोक्त चेला उभा होता. वाटीत थेंबभर तीर्थ ओतलं. पाण्यासारखं नितळ. त्यात मोरपीस बुडवून महाराजांनी आरतीच्या गालावरचा डाग अगदी कडेकडेनं रंगवला, रांगोळीवाली बाई रेघ ओढते तशा सावधपणे. मनगटावरही लावलं.

"आता उन्हात उभी राहा, बाळ. तो बघून घेईल."

आरती उन्हात उभी राहिली. ऑक्टोबरचं ऊन, डोकं फुटेल असं. पाच मिनिटं काही नाही. मग डाग पिवळसर झाला, मग तांबूस, आणि अर्ध्या घटकेत भाजलेल्या भाकरीच्या रंगावर येऊन थांबला. भोवतालच्या कातडीत मिसळून गेला.

"आगं माय!" म्हातारी भागूबाई किंचाळली. "भरला गं! रंग भरला!"

लोक पाया पडायला धावले. राजेश्वरी मात्र जागची हलली नाही. तिनं स्वतःच्या उजव्या हाताची तर्जनी बघितली. नखाच्या कडेला एक काळा डाग होता. गेल्या आठवड्यात शाळेत काळ्या कागदात गुंडाळलेली एक बाटली पुसताना लागलेला. साबणानं जात नाही, घासून जात नाही, कातडी आपली आपण झडते तेव्हाच जातो.

तोंड उघडणार तेवढ्यात आरती ट्रॅक्टरच्या आरशासमोर गेली. तिनं डावा गाल आरशात धरला, मग उजवा, मग परत डावा. चार वर्षांत त्या पोरीनं आरशात सरळ बघितलं नव्हतं. केससुद्धा ती चाचपून विंचरायची.

"आत्या," ती हसत म्हणाली, "बघ की!"

"छान दिसतंय," राजेश्वरी म्हणाली.

बास, एवढंच म्हणाली. पुढं जे झालं त्यातला अर्धा वाटा महाराजांचा होता, आणि अर्धा त्या दोन शब्दांचा. हे तिनं स्वतःपासून कधी लपवलं नाही.

*

गुरुवारी शेवगावकडचे पाहुणे आले. मुलाचं नाव करण, त्याचा चुलता टोळीचा मुकादम. उसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला कोणी विचारत नाही. म्हणून टोळ्या निघायच्या आधी या भागात लग्नांची घाई असते. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, आरतीला चालायला लावलं, दोन ओळी लिहायला लावल्या आणि टोळी निघायच्या आधीची तारीख धरली. डागाचा विषय निघाला नाही, कारण डाग दिसतच नव्हता.

सोमवारी आरतीच्या मनगटावरून रंगाचा पापुद्रा सुटला. खाली डाग होता तसा पांढरा.

त्या संध्याकाळी राजेश्वरी भावाच्या घरी गेली. कानिफनाथ ओट्यावर कोयत्याची मूठ बसवत होता. कडूबाई वांगी चिरत होती.

"कडू, ते तीर्थ न्हाई. सिल्व्हर नायट्रेट हाय. चांदीचं मीठ. ऊन लागलं की त्याची काळी भुकटी होते अन् वरच्या मेल्या कातडीत बसते. मतदानाला बोटाला शाई लावतात ना, तिच्यात हेच असतं. शाई किती दिस टिकती?"

"मंग काय झालं? शाई तर शाई. रंग आला ना?"

"रंग आला न्हाई, रंग लावला. त्यात फरक हाय." राजेश्वरीनं ताटातली वांग्याची फोड उचलली. "हे बघ, चिरून घटका झाली न्हाई तर काळं पडलंय. हे कुणी रंगवलं?"

"आपोआप पडतं की."

"आपोआप न्हाई. वांग्यात एक द्रव्य असतं, ते हवेशी गाठ पडली की काळा रंग तयार करतं. आपल्या कातडीच्या तळाशी रंगाच्या पेशी असत्यात, त्यांच्यात त्याच जातीचं द्रव्य असतं. तांब्याचा अंश असलेलं. आपण डाळ खातो, दूध पितो, त्यातल्या एका घटकापासून ते रंग घडवतं. तू काळी, मी सावळी, ती बामनाची सून गोरी, सगळ्यांच्यात त्या पेशी जवळपास सारख्याच. कुणाच्या जास्त रंग करत्यात, कुणाच्या कमी."

"मंग हिच्या कुटं गेल्या?"

"अंगात राखणदार पेशी असत्यात, रोगाशी लढणाऱ्या. त्यांचा घोटाळा होतो. आपल्याच रंगपेशींना चोर समजून मारत्यात. एवढंच हाय. पाप न्हाई, ग्रहण न्हाई, लागण न्हाई. पण केसांच्या मुळाशी थोड्या पेशी लपून वाचत्यात. दवाखान्याचा उजेड अन् मलम त्यांनाच बोलवून वर आणतं. आरतीच्या गालावर ठिपके उगवले होते, तू बघितलेस ना?"

कडूबाईनं बघितले होते. चौदा महिने राजेश्वरी आरतीला घेऊन आठवड्यातून दोनदा एसटीनं नगरच्या दवाखान्यात जात होती. पहिले आठ महिने काही नाही. मग एक दिवस त्या पांढऱ्यावर खसखशीएवढे तपकिरी ठिपके दिसले. अकरा. राजेश्वरीनं ते भिंगातून मोजले होते, आणि त्या दिवशी दोघींनी स्टँडवर उभ्या उभ्या गुलाबजाम खाल्ले होते. परवापर्यंत ते सत्तरच्या वर गेले होते.

"ताई," कडूबाई विळी बाजूला सारत म्हणाली, "तुमची खसखस भरायला किती वर्सं लागतील?"

"दोन. कदाचित तीन. पुरतं भरंलच असं डॉक्टरीणबाईबी सांगत न्हाईत."

"अन् लगीन बारा दिसांवर हाय. तुमी शिकलेल्या. तुमाला पेन्शन बसंल. हिला काय बसंल?"

कानिफनाथ मूठ ठोकायचं थांबून म्हणाला, "आक्का, लगीन होऊस्तवर गप ऱ्हा. मंग सांग काय सांगायचं ते."

"लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती पांढरी व्हईल तवा?"

"तवा ती त्यांची."

आरती चुलीशी बसली होती.  राजेश्वरीनं तिला काय वाटतं ते विचारायला हवं होतं, आणि तिनं विचारलं नाही. ही तिची दुसरी चूक.

*

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी शाळेत असताना कडूबाई लेकीला घेऊन महाराजांच्या शेजारगावच्या मुक्कामी गेली. "जरा दाट लावा," ती म्हणाली, "हळद, लग्न, सगळं निभलं पाहिजे." महाराजांना दाट लावायला काय जातंय? बाटली तीच, पाणी कमी.

रात्रीतून गाल पेटला. सकाळी फोड आले होते, आणि फोडांखालची कातडी कोळशासारखी काळी होती. राजेश्वरीनं शाळेत रजा टाकली आणि पोरीला नगरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी फोड साफ केले, मलम लावलं, मग दिवा जवळ घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"ठिपके?" राजेश्वरीनं विचारलं.

"जळाले." त्या हळू बोलल्या. "आणि आणखी एक गोष्ट आहे, बाई. या आजारात जिथं कातडी दुखावते तिथं कोड नव्यानं उमटू शकतं. कडेला चांगली कातडी होती, तिथंही भाजलंय. आता वाट बघायची."

परतीच्या एसटीत आरती खिडकीशी बसली. करंजी घाटात तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आत्या, तुला त्या रविवारीच कळलं होतं ना?"

"व्हय."

"मंग छान दिसतंय का म्हनलीस?"

 "तू हसलीस म्हणून," राजेश्वरी म्हणाली.

आरतीनं तिचा हात धरला. "रविवारी महाराज पुन्हा आपल्या गावात येनार हाय, मी जाते पारावर. तू फकस्त मीठ आन."

*

रविवारी गर्दी दुप्पट होती. त्या पहिल्या रविवारची चित्रफीत मोबाईलमधून तालुकाभर फिरली होती. करणचा मुकादम चुलतासुद्धा आला होता, त्याच्या सुनेच्या पायावर डाग होता.

आरती तोंडाला स्कार्फ गुंडाळून रांगेत उभी राहिली. पाळी आली तेव्हा महाराजांनी वाटीत तीर्थ ओतलं आणि मोरपीस उचललं.

"महाराज," आरती मोठ्यानं म्हणाली, "हे फकस्त कोडालाच लागतं ना? चांगल्या कातडीला काय करत न्हाई?"

"निरोगी देहाला तीर्थ पाण्यासारखं, बाळ."

"मंग बरं." असं म्हणून तिनं वाटी उचलली आणि महाराजांच्या उघड्या दंडावर उपडी केली. दंडावरून कोपरापर्यंत ओघळ आले. सोवळ्यावर शिंतोडे उडाले.

चेला फडकं घेऊन धावला. पण भागूबाई मधे आली. म्हातारीच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, तिची खरोखरच श्रद्धा होती. "पुसू नगा बाबा! सूर्याचं तीर्थ हाय! महाराज, उन्हात या की वाईच, आमाला दर्शन घडू द्या."

गर्दी म्हणाली, "व्हय व्हय, या की!"

महाराज सावली सोडेनात. पण दुपारच्या उन्हाला सावलीची काय तमा? लिंबाच्या पानांतून कवडसे दंडावर पडत होते. आधी सोवळ्यावरचे शिंतोडे काळे पडले, मग दंडावरचे ओघळ. पाच-सात मिनिटांत महाराजांचा दंड पट्टेरी वाघासारखा झाला.

ट्रॉलीवर कोणीतरी फस्सकन हसलं.

राजेश्वरी पाराच्या पायरीवर चढली. तिनं वाटीतला उरलेला थेंब स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यात टाकला. ते पाणी शाळेतून आणलेलं, ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार काढलेलं. मग पदरात बांधून आणलेली मिठाची चिमूट त्यात सोडली. नितळ पाणी क्षणात दुधासारखं पांढरं झालं.

"चांदीच्या पाण्यात मीठ पडलं की ते असं पांढरं होतं, म्हणून मीठ बंद," ती म्हणाली. "मिठानं व्रत मोडत न्हाई, चोरी उघडी पडते. ही बाटली दुकानात मिळते. शाळेत माझ्या कपाटात हाय. आपल्या बोटाला मतदानाची शाई लागते तिच्यात हीच चीज असते. महाराज तुमची जोडवी घेत्यात अन् चिमूटभर चांदी तुमच्या गालाला लावत्यात. कोड तिथंच असतं, खाली. पंधरा दिवसांनी कातडी झडते, तवर तुमी उसात असता. सहा महिन्यांनी परत येता तवा महाराज न्हाईत. अन् रंग गेला तर तुमीच म्हणता, आपण मीठ खाल्लं."

पुढच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या. तिला वाटलं, कळलं.

मग मागून एक आवाज आला, "तिच्या भाचीचं कोड महाराजांनी अंगावर घेतलं."

"व्हय की," दुसरा म्हणाला. "संतच तो. दुसऱ्याचं भोगतो."

महाराजांनी तो धागा झटकन पकडला. डोळे मिटून म्हणाले, "भोगू द्या. या बालिकेचं ग्रहण मी घेतलं." आणि चेल्याला हळूच, "गाडी चालू कर."

"घेतलं?" आरतीनं स्कार्फ सोडला. "हे बघा मंग."

गालावर अर्धवट सुटलेली काळी साल होती, तिच्यामधून गुलाबी-पांढरं मांस दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या बायांनी आपापली लेकरं मागं ओढली. एवढंच झालं. कोणी महाराजांच्या जीपला आडवं गेलं नाही. परात जीपमध्ये चढली, तिच्यात कडूबाईची जोडवी होती, आणि जीप धुरळा उडवत गेली. मुकादमानं आरतीच्या गालाकडं बघितलं, कानिफनाथाकडं बघितलं, आणि मोटरसायकलला किक मारली. लग्न तिथंच मोडलं. त्याच्यासाठी दुसरी बैठक लागली नाही.

*

टोळी निघाली त्या सकाळी ट्रकवर भांडी, चिपाडं, कोंबड्या आणि बाजरीच्या गोणी चढल्या. आरतीही चढली. तिचा भाऊ अमृत अर्धा कोयता होता, आता बहीण-भाऊ मिळून एक झाला. "लगीन मोडलेली पोर घरात ठेवून काय करायचं?" कानिफनाथ म्हणाला. राजेश्वरीशी तो एवढंच बोलला. कडूबाई तेवढंही बोलली नाही. तिच्या पायाच्या बोटांवरचे जोडव्यांचे वळ अजून गेले नव्हते.

राजेश्वरीनं मलमाच्या नळ्या, टोपी आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पिशवीत घातली. आठवड्यातून दोनदा उजेड, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. फडापासून उजेडाचा दवाखाना किती लांब, हे कोणी लिहिलं नव्हतं.

जानेवारीत आरतीचा फोन आला. मागं पाचटाची सळसळ ऐकू येत होती.

"आत्या, कडेला नवं उमटलं. डोळ्याच्या पापणीपतोर आलंय."

"मलम?"

"संपलं. आत्या, महाराज पारनेरकडं हाय म्हनं. आता नाव दुसरं. दंडाला पट्टी बांधून बसतो, लोकांचं भोगलेलं म्हनून दाखवतो. गर्दी लई हाय. आपल्या गावच्या दोघी जाऊन आल्या."

राजेश्वरीनं हातातली धुतलेली परीक्षानळी स्टँडवर उपडी ठेवली.

"आत्या, इथं बाया माझ्या हातचं पानी पीत न्हाईत. मी त्यांला तोडलेल्या उसाचा बुडखा दाखवते. सकाळी तोडला तवा पांढरा, दुपारी तांबूस. म्हनते, रंग असा आतून धरतो, माझ्यात धरायचा थांबलाय. बाकी मी तुमच्यासारखीच हाय."

"मग? पटतं का?"

"न्हाई." आरती म्हणाली. "एकीनं काल पानी घेतलं. तहान लागली असंल."

फोन तुटला. शाळेची घंटा झाली होती. नववीचा वर्ग प्रयोगशाळेत शिरत होता. त्यातली निम्मी पोरं पुढच्या वर्षी उसात असणार हे राजेश्वरीला माहीत होतं. तिनं सरांना विचारून काळ्या कागदातली बाटली काढली, पातळ केलेला एकेक थेंब चाळीस कागदांवर टाकला आणि पोरांना कागद घेऊन उन्हात उभं केलं. डाग पांढऱ्याचे काळे झाले.

"बाई, जादू!" एक पोरगी ओरडली.

"जादू न्हाई. आता नळीत उरलेल्या थेंबात मीठ टाक, अन् काय झालं ते लिही," राजेश्वरी म्हणाली. "अन् पोरांनो, एक लक्षात ठेवा. तुमच्या अंगाला कुणी काही लावायला आलं, देवाच्या नावानं येवो नाहीतर डॉक्टरच्या, तर आधी विचारा, हे काय हाय. मग म्हणा, आधी तुमच्या अंगाला लावा. राग येऊ दे त्याला. अन् उत्तर तुम्हाला ठाऊक असलं, तर त्याच दिवशी बोला. समोरचं माणूस कितीबी गोड हसत असलं, तरी त्याच दिवशी बोला."

पोरं लिहून घेत होती. शेवटचं वाक्य कोणी लिहिलं नाही, ते परीक्षेला येणारं नव्हतं.